सासरे ज्या गाडीत बसेनात

सरळ रस्त्याला माझी गाडी एकदम शहाणी होती. वळण आलं की ओरडायची. गंजलेलं दार ओरडतं तशी, पण लांब, गळा काढून. स्टेअरिंग डावीकडे फिरवा, कुईंऽऽ. उजवीकडे फिरवा, तेच. आमच्या गल्लीतले लोक तिला रडूबाई म्हणायचे. मी मेकॅनिक आणि माझीच गाडी रडते, म्हणजे लोकांना फुकटची मजा.

बायकोला जाऊन आता वर्ष होत आलं. घरात माणसं आहेत, पण ती जे बोलायची ते कोणी बोलत नाही. दुपारी पडून राहिलो की मला तो गाडीचा आवाज आठवतो आणि हसू येतं. एकटाच हसताना दिसलो की सून दारातून डोकावून जाते. तिला काळजी वाटते. सांगायला बसलो तर अर्ध्यात तिच्या कुकरची शिटी होते आणि ती उठून जाते. म्हणून लिहून ठेवतो. चौथीपर्यंतच शिकलो आहे, जसं जमेल तसं.

आम्ही विणकर. घराच्या समोरच्या छपरीत बापाचा माग होता, खड्ड्याचा माग. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या फळ्या पायानं दाबतो. बाप गेल्यावर माग बंद पडला. मला विणता येत होतं, पण त्यात पोट भरत नव्हतं. मी नागपूरजवळ वाडीला ट्रकच्या गॅरेजात लागलो, काम शिकलो, आणि सत्तर सालाच्या पुढं कधीतरी एक जुनी अँबेसेडर घेतली. भाड्यानं चालवायची. लग्नाचा नवरदेव, दवाखान्याचा पेशंट, उमरेडकडच्या खाणीचा एखादा साहेब, जो बसेल तो.

गाडीखाली शिरून काम करायला खड्डा लागतो. खड्डा घरात होताच. मी माग सोडवून माळ्यावर टाकला, छपरीची पुढची भिंत पाडली, खड्डा लांब आणि खोल केला आणि वर गाडी उभी केली. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. बाप त्यात फक्त पाय सोडून बसायचा, मी अख्खा उतरलो, एवढाच फरक.

पण सासऱ्यांना वाटलं. ते उमरेडचे, पक्के विणकर, हातमाग सोडला नाही कधी. आमचं लग्न झालं तेव्हा आमच्या छपरीत माग होता. पुढं एकदा ते लेकीला भेटायला आले आणि पाहतात तर मागाच्या खड्ड्यावर गाडी, खड्ड्यात काळं तेल. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पहिल्या एसटीनं परत गेले. मग आलेच नाहीत.

मग आम्हाला मुलगी झाली. सासू नव्हती, म्हणून बाळंतपण माहेरी न होता इकडेच झालं. बायकोनं पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, "बाबा आल्याशिवाय मी पोरीले पाळण्यात घालत नाई."

मी म्हटलं, "आन् नाई आले तर?"

"तर पोरगी तशीच राहीन. बिना नावाची."

ती असं बोलली की मग तसंच होत असे. मी गाडी काढली आणि उमरेडला गेलो.

उमरेड रोड सरळ आहे. गाडी आवाज न करता गेली. पण सासऱ्यांची गल्ली मुख्य रस्त्यावरून काटकोनात आत वळते. तिथं स्टेअरिंग फिरवलं आणि रडूबाईनं गळा काढला. घरात माग चालू होता, तो खटाखट आवाज एकदम थांबला. मी आत गेलो तर ते आडवा धागा टाकायचा लाकडी धोटा हातात धरून बसलेले.

"जवाईबापू, बाहेर कोण रडून राहिलं?"

"गाडी हाये, मामाजी."

"काहून रडते?"

"वळवताना थोडी कुरकुरते. बाकी चांगली हाये."

"बाकीचं मी कुठं इचारलं?"

मी बारशाचं बोललो. पोरगी कशी आहे, किती गोरी आहे, कोणावर गेली, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. डोळे हसत होते, तोंड नाही.

"चला आताच गाडीत बसून," मी म्हटलं.

"मले एक सांगा, माग कुरकुरला तर आपल्यात काय करतात?"

मला माहीत होतं. माझा बापही तेच करायचा. माग कुरकुरला की धोटा खाली ठेवायचा. आवाज सापडेपर्यंत पुढचा एक धागा टाकायचा नाही. कारण कुरकुर म्हणजे कुठंतरी काहीतरी सरकलं आहे, आणि ते आज नाही तर उद्या कापडात दिसतंच.

"थांबतात," मी म्हटलं.

"मंग तुमी कुठं थांबले? नागपूरपासून उमरेडपर्यंत तिले तशीच रडवत आणली. अशा गाडीत मी नाई बसत."

"मंग एसटीनं या."

"जवाई गाडीवाला, आन् मी एसटीत लोंबकळत येऊ? हासतील लोक. गाडी चूप करा, मी येतो."

झालं. एसटीनं यायचं नाही कारण जावयाची गाडी आहे. गाडीनं यायचं नाही कारण गाडी रडते. मी सगळ्या रस्त्यानं त्यांना मनात शिव्या दिल्या आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. ती चिडेल वाटलं होतं. ती पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, तिचा चेहरा एकदम खुलला.

"येतो म्हणाले?"

"गाडी चूप झाली तर."

"मंग चूप करा. तुमी मेकॅनिक हाये का नाई?"

दुसऱ्या दिवशी मी खड्ड्यात उतरलो. स्टेअरिंग वळवताना ओरडते म्हणजे पुढच्या चाकांच्या सांध्यांत कोरडं पडलं असणार, हे कोणीही सांगेल. मी एकेक सांधा पुसला, ग्रीसगन लावून ग्रीस भरलं, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहिलो. अंगावर, केसांत, कानात ग्रीस. मग आंघोळ केली, जेवलो, आणि संध्याकाळी स्टेअरिंग फिरवून पाहिलं.

चूप. एकदम चूप.

मी गल्लीत गाडी काढली, पुढं घेतली, मागं घेतली, गोल फिरवली. शेजारचा म्हातारा विणकर ओट्यावर बसून पाहत होता. म्हणाला, "काय गा, रडूबाई मेली का?"

"लगन झालं तिचं," मी म्हटलं, "आता नाई रडत."

बायकोला सांगताना मी हात पसरून सांगितलं की कुठं ग्रीस कमी होतं आणि ते मी कसं ओळखलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिनं मला गुळाचा चहा करून दिला. मला वाटलं की आपल्यासारखा माणूस नागपुरात दुसरा नसेल.

दोन-चार दिवसांत एक भाडं मिळालं ते केलं, आणि मग ऐटीत उमरेडला गेलो. सरळ रस्ता, गाडी चूप. गल्लीचं वळण आलं, स्टेअरिंग फिरवलं. कुईंऽऽऽ. पहिल्यापेक्षा मोठं. गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली.

या वेळी सासऱ्यांनी माग थांबवलासुद्धा नाही. आतूनच म्हणाले, "आले का? पाणी प्या आन् परत जा."

घरी बायको दारातच उभी होती. लांबून आवाज ऐकूनच तिला कळलं होतं. गाडीत कोणी नाही हे पाहून ती आत गेली.  त्याचं मला जास्त लागलं. गल्लीतल्या बायका तिला विचारायच्या, "पोरगी बिना नावाचीच सासरी धाडतं का वं?" ती हसून सांगायची, "नाव ठेवाले आजोबा येऊन राहिले ना." कधी, ते सांगायला तिच्याकडे काही नव्हतं.

मी पुन्हा खड्ड्यात. आता म्हटलं, सांधे नाहीत, तर मधला गियरचा डबा असणार, स्टेअरिंगचा दांडा जिथं येऊन चाकांना ढकलतो तो. तो उघडला, रॉकेलनं धुतला, नवं तेल भरलं, रबरी टोपी बदलली. पूर्ण दिवस गेला. आंघोळ करून संध्याकाळी फिरवून पाहिलं. चूप. मी गाडीतून उतरलो तेव्हा बायको चहा घेऊन उभीच होती. मी तिला डब्याच्या आतल्या दात्यांचं वर्णन ऐकवलं, एक दातासुद्धा सोडला नाही. ती "हो का" म्हणाली. पुन्हा दोन-चार दिवस गाडी लोण्यासारखी वळत होती. पुन्हा उमरेडची गल्ली आली आणि पुन्हा तीच बोंब, आता तर स्टेअरिंग हाताला जडसुद्धा लागायला लागलं होतं.

मेकॅनिकला बिघाडाची भीती नसते. बिघडलं तर बिघडलं, उघडायचं आणि नीट करायचं. पण दुरुस्त केल्यावर बरा होणारा आणि मग वाढून येणारा बिघाड, हे काय आहे? मी गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली आणि खाली उतरून सरळ बोनेटवर बसलो. ऊन मी म्हणत होतं. परत जायची हिंमत होत नव्हती. बायकोला पुन्हा रिकामी गाडी दाखवायची नव्हती.

किती वेळ बसलो होतो कोण जाणे, सासरे आले. डोक्यावर पंचा, हातात धोटा तसाच.

"काय झालं? आज आत नाई आले."

"आता येऊन काय करू, मामाजी? चूप होते आन् पुन्हा रडते. मले नाई समजून राहिलं."

ते गाडीकडे पाहत उभे राहिले. म्हणाले, "थांबलात ना आज. मंग पाहू."

माझ्याकडे जॅक होता. गाडी त्यांच्या दारासमोर ढकलत नेली, पुढचा भाग उचलला. चाकं अधांतरी केली आणि स्टेअरिंग फिरवलं. ओरडली. म्हणजे रस्त्याचा आणि टायरचा संबंध नाही. मग खाली आडवं होऊन मी चाकांकडं जाणारे दोन्ही रॉड सोडवले. आता स्टेअरिंग फिरवलं तर चाकं जागची हलत नव्हती. तरी ओरडली.

"चाकं सुटली ना?" त्यांनी विचारलं.

"सुटली."

"मंग चाकं नाई रडत. दुसरं सोडा."

डबा सोडला. तरी ओरडली. राहिला फक्त दांडा आणि त्याच्यावरची नळी, स्टेअरिंगच्या चाकापासून खाली जाते ती. त्यांनी धोट्याचं एक टोक नळीला खालून लावलं, दुसरं टोक कानाशी धरलं, आणि मला म्हणाले, "फिरवत राहा." धोटा वर सरकवत सरकवत ते माझ्या अगदी तोंडापर्यंत आले. थेट स्टेअरिंगच्या चाकाखाली थांबले.

"इथं."

मी खड्ड्यात पडून जे खाली शोधत होतो ते रोज माझ्या नाकासमोर होतं. तिथं नळीच्या तोंडाशी नमद्याची एक कडी असते, लोकर दाबून केलेली, दांडा नळीला घासू नये म्हणून. ती सुकली की ओरडते. मला ठाऊक होतं, पण डोक्यात आलंच नव्हतं.

सासरे मात्र तिथंच वाकून राहिले. नाक चाकाजवळ नेलं. बोटानं कडेचा चिकट थर खरवडला, बोट हुंगलं आणि माझ्या नाकाखाली धरलं.

"काय हाये हे?"

"तेल असन."

"जवसाचं तेल हाये. तुमच्या इंजिनात जवस टाकता का?"

"नाई बा. घरी भाजीत असते."

त्यांनी मला हाताला धरून घरात नेलं, मागाजवळ. मागाच्या लाकडाला हात लावून हुंगायला सांगितलं. तोच वास. पुऱ्या मागाला तोच वास.

"मी लाकडाले जवस पाजतो," ते म्हणाले. "लाकूड पिते आन् गप बसते. मी पाजत असलो का माह्या बाजूले वाटी धरून कोण बसे, सांगा?"

सांगायची गरज नव्हती. माझ्या डोळ्यासमोर सगळं एकदम आलं. मी खड्ड्यातून निघून आंघोळीला जात असे तेव्हा तिनं स्वयंपाकघरातून तेल आणलं असणार. आवाज कुठून येतो हे तिला पहिल्या दिवशीच कळलं असणार, मागाच्या घरात वाढलेली पोरगी ती. जागा बरोबर धरली. तेल चुकलं. जवसाचं तेल लाकडात जिरतं. लोखंडावर आणि नमद्यात ते दोन दिवस ओलं राहतं, मग उन्हानं सुकून व्हार्निशसारखं कडक होतं. म्हणजे जितक्या वेळा ती आवाज बंद करत होती, तितकी पुढच्या वेळी तो जास्त होत होता. आणि मधले दोन-चार दिवस मी गावभर फुशारकी मारत फिरत होतो.

भानावर येऊन बाहेर आलो तर सासरे गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर बसले होते आणि हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. पंच्यानं डोळे पुसत होते. ज्या गाडीत बसणार नाही म्हणत होते त्या गाडीत बसून हसत होते. मी त्यांना तसं बोललो नाही. बोललो असतो तर उतरले असते.

"माह्यासाठी केलं हे तिनं," ते शेवटी म्हणाले. "मी यावं म्हणून."

"हो ना, मामाजी. आमच्यासाठी तर गाडी रडली तरी चालते."

मग आम्ही कामाला लागलो. स्टेअरिंगचा नट सोडला. ते चाक धरून ओढत होते आणि मी दांड्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकत होतो. चाक एकदम निघालं आणि ते चाकासकट सीटवर उताणे पडले. पडल्या पडल्या म्हणाले, "आता चालवा गाडी." नमद्याची कडी बाहेर काढली तर पापडासारखी कडक. बोटानं मोडली.

नवी कडी उमरेडला कुठून मिळणार? मी म्हटलं, उद्या नागपूरहून आणतो. ते म्हणाले, "उद्या कशाले?" मागावरून कापड उतरवल्यावर सुताची जी टोकं उरतात त्यांचा गुंडा त्यांच्या घरात होताच. त्यांनी मांडीवर पीळ देऊन दोरी केली, ती वेणीसारखी गुंफली आणि पंपात कातडं बसवतात तशी गोल कडी तयार केली. मापाला मी दांडा दाखवत होतो, ते डोळ्यानंच घेत होते. मी इंजिनाचं तेल काढलं आणि कडी त्यात भिजवली. सुतानं तेल पोटभर पिलं. नळीच्या तोंडात ती कडी दाबून बसवली, वर चाक, वर नट. डबा आणि रॉड जोडले, जॅक काढला.

स्टेअरिंग फिरवलं. काहीच नाही. माझा श्वास ऐकू येत होता.

"आता हेबी दोन दिवसाचंच असन," मी म्हटलं. माझा विश्वासच उडाला होता.

"जवस नाई ना टाकलं. चला, वळवून दाखवा."

गल्लीच्या पुढं मोकळी जागा होती. तिथं मी गाडी गोल फिरवली. ते मान वाकडी करून कान देऊन बसले होते. "उलटी फिरवा." उलटी फिरवली. "पुन्हा." गल्लीतले लोक गोळा झाले. कोणी म्हणालं, "काय बुढा, हवा खाऊन राहिले का?" ते म्हणाले, "नातीच्या बारशाले चाललो ना."

घरात जाऊन ते पिशवी घेऊन आले. खुंटीला टांगलेली होती, भरलेली. कधीपासून भरून ठेवली होती ते मी विचारलं नाही.

नागपूरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आमच्या गल्लीत वळलो आणि कोणीच बाहेर आलं नाही, कारण आवाजच नव्हता. बायको आत पोरीच्या पायाला तेल चोळत होती. माझी चाहूल लागली तशी तिकडंच तोंड ठेवून म्हणाली, "आजबी नाई आले ना?"

"आले," सासरे म्हणाले.

ती वळली. उठू पाहत होती, पण मांडीवर पोरगी, हाताला तेल. बसल्या जागीच रडायला आणि हसायला लागली. सासऱ्यांनी पिशवी टेकवली आणि तिच्यासमोर बसले.

"लोखंडाले जवस कोण घालते वं?"

"तुमी घालता ना."

"लाकडाले घालतो, बाई. लाकडाले."

"मले कोणी सांगतलं होतं?"

"आवाजाची जागा कोणी सांगतली?"

"ते ऐकू येते." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन खाली पाहिलं.

मग ते उठून छपरीत गेले. गाडी बाहेर होती, खड्डा उघडा होता. मी मागं उभा राहिलो. म्हटलं आता ऐकायचं ते ऐकू. ते वाकून आत पाहत राहिले.

"बाजूची माती पडून राहिली," ते म्हणाले. "कधी अंगावर येईन तुमच्या. दगड लावून चुना करा." आणि हात धुऊन जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. पोरीला पाळण्यात त्यांनीच घातलं. बायका गात होत्या आणि ते पाळण्याची दोरी ओढता ओढता पाळणा कुरकुरतो का ते ऐकत होते, हे मी पाहिलं. ते जातो जातो म्हणत बरेच दिवस राहिले, आणि तेवढ्यात खड्ड्याला दगड लावूनच गेले.

बारशाची माणसं पांगल्यावर मी बायकोला धरलं. म्हटलं, "तुले जागा ठाऊक होती तर मले काहून नाई सांगतलं? मी दिवस दिवस खड्ड्यात मेलो."

ती भांडी घासत होती. म्हणाली, "सांगणारच होती. पण तुमी खड्ड्यातून वर आले का तुमचं तोंड पाहासारखं राहे. काळंकुट्ट, आन् एवढे खूश. मंग म्या म्हटलं, राहू द्या."

मला फार राग आला. मी चहा होईपर्यंत तिच्याशी बोललो नाही. मग तिनं कप पुढं केला, माझ्याकडं पाहिलं, आणि आम्ही दोघंही इतके हसलो की झोपलेली पोरगी उठली.